वेळेचा रकाना

साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली आली की वजन होतं, आणि गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव, उसाची जात, आल्याची वेळ अशी सगळी नोंद होऊन पावती हातात पडते. गव्हाणीत ऊस टाकून मोकळी ट्रॉली परत निघाली की पुन्हा काटा, पुन्हा नोंद. गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाच्या दुधाची फॅट लागते, लिटर आणि दर छापून चिठ्ठी मिळते, आणि दहा दिवसांचं बिल चुकलं तर संस्थेच्या दारात भांडण होतं. कोल्हापूर जिल्ह्याच्या ‘गोकुळ’ दूध संघाची स्थापना १९६३ सालची. म्हणजे या जिल्ह्याच्या दोन-तीन पिढ्या नोंदीवर वाढल्या आहेत. नोंद का ठेवायची, हे कोल्हापूरकराला कुणी समजावून सांगायला नको.

पण त्याच उसाच्या ट्रॉलीला रात्री मागून धडकलेला मोटारसायकलवाला दवाखान्यात पोचतो, तेव्हा तो किती वाजता पडला, किती वाजता उचलला, वाटेत कुठं थांबला आणि किती वाजता सर्जनच्या हाती लागला, हे एका कागदावर कुठंच सापडत नाही. पुढची पानं त्या कागदाविषयी आहेत.

विषयाचं नाव भारदस्त आहे: तातडीच्या अपघात उपचारांत तंत्रज्ञान आणि माहिती यांचा वापर. नाव ऐकलं की डोळ्यांपुढे ड्रोन येतात, मोठ्या पडद्यांची कंट्रोल रूम येते. त्यातलं काही पुढे येईलही. माझं म्हणणं मात्र त्याहून साधं आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात जखमीला उचलणारे हात कमी नाहीत. डॉक्टर पुरेसे नसतील, पण जे आहेत ते राबतात. यंत्रंही येताहेत. आपल्याकडे नाही ती एका जखमीची सलग नोंद, आणि अशा नोंदी दर महिन्याला समोर घेऊन बसण्याची पद्धत. ती नसेल तर बाकीची खरेदी उद्घाटनाच्या फोटोपुरतीच.

आधी आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. मृतांत दुचाकीवरच्यांचं प्रमाण ४४ टक्क्यांच्या वर. महाराष्ट्रात त्या वर्षी तेहेतीस हजारांवर अपघात आणि पंधरा हजारांवर मृत्यू. देशात शंभर अपघातांमागे साधारण ३६ मृत्यू, राज्यात ४५ च्या आसपास. हा फरक वाचून कुणी म्हणेल की महाराष्ट्रात उपचार उशिरा मिळतात. दुसरा म्हणेल, आपले रस्ते रुंद झाले, वेग वाढला, म्हणून अपघातच जबर होतात. तिसरा म्हणेल, छोटे अपघात पोलिसांपर्यंत जातच नाहीत, ते जागेवर मिटवले जातात, म्हणून शेकडा प्रमाण फुगतं. तिघांचंही खरं असू शकतं. यातलं कुणाचं किती खरं, हे त्या आकड्यातून कळत नाही, कारण त्यात जखमी माणसाच्या प्रवासाची एकही वेळ नाही.

कोल्हापूरचा नकाशा या विषयासाठी मुद्दाम काढल्यासारखा आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग किणीपासून कागलपर्यंत जिल्हा कापत जातो. रत्नागिरीचा रस्ता आंबा घाट उतरतो, दुसरा गगनबावड्यावरून करूळ घाटाने वैभववाडीला जातो, तिसरा राधानगरीवरून फोंड्याला, चौथा आजऱ्यावरून आंबोलीला. घाटांत मोबाइलची रेंज न मिळणाऱ्या जागा आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्या सुटतात तेव्हा हजारो दुचाक्या एकदम रस्त्यावर येतात. गळीत हंगामात त्यांच्यात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या मिसळतात. आणि जखमा काही रस्त्यावरच होत नाहीत. कडबाकुट्टीत गेलेली बोटं, गुऱ्हाळाच्या चरकात ओढला गेलेला हात, इचलकरंजीच्या मागावर झालेली दुखापत, फाउंड्रीतलं भाजणं, नारळाच्या झाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडणं, तालमीत मान मुरगळणं, हे सगळं त्याच दारातून आत येतं.

ते दार बहुतेक वेळा सीपीआरचं असतं. छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय म्हणजे मूळचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. मेजर मँट या वास्तुविशारदाने नव्या राजवाड्याच्या सुमारासच त्याचा आराखडा केला. आज ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. बारा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार ३८ लाख ७६ हजार लोकांचा जिल्हा त्यावर टेकलेला, शिवाय कोकणातून घाट चढून येणारे आणि निपाणी-चिकोडीकडून येणारे वेगळेच. उलट चंदगडचा माणूस जखमी झाला की घरचे बऱ्याचदा बेळगाव गाठतात, कारण ते जवळ. सावंतवाडीचा जखमी गोव्याला बांबोळीत जातो. माणसं सीमा बघून जखमी होत नाहीत. नोंदी मात्र सीमेवर थांबतात. कर्नाटकातही १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे, पण ती यंत्रणा वेगळी, तिचे कागद वेगळे.

आता नमुन्यादाखल एक रात्र घेऊ. माणूस काल्पनिक, रात्र हंगामातली कुठलीही. आजरा-गडहिंग्लज रस्त्यावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी आहे. मागच्या चाकाला दोन दगड, रस्त्यावर एक तोडलेली फांदी, हीच काय ती खूण. रिफ्लेक्टर लावलेला आहे, पण वाढे लोंबताहेत, त्यात तो झाकून गेलाय. तिशीतला एक तरुण दुचाकीवरून येतो आणि मागून धडकतो. हेल्मेट नाही. मागून येणारी जीप थांबते. कुणीतरी १०८ लावतं. फोन पुण्याला औंधच्या कंट्रोल रूममध्ये वाजतो. तिथली मुलगी विचारते, नेमकं कुठं? इकडून उत्तर जातं, ‘फाट्याच्या अलीकडं, ढाब्यासमोर.’ ज्या जिल्ह्यात शिरोली पुलाची आणि शिरोली दुमाला ही दोन वेगळ्या तालुक्यांतली गावं आहेत, आणि कसबा म्हटल्यावर बावडा, बीड, सांगाव, वाळवे, तारळे यांपैकी कुठलंही असू शकतं, तिथं पुण्यात बसलेल्या माणसाला ‘ढाब्यासमोर’ म्हणजे काय कळणार? फोनवरून आपोआप मिळणारं ठिकाण हे इथं खरं कामाचं तंत्रज्ञान. नाहीतर किलोमीटरचा दगड वाचून दाखवायचा.

समजा लोकांना धीर निघाला नाही आणि त्यांनी जीपमध्येच घातला. चांगल्या मनानं घातला, पण मान धरायला कुणी नव्हतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेला. तिथं रजिस्टरमध्ये नोंद झाली: ‘अनोळखी पुरुष, अंदाजे ३०, आरटीए (म्हणजे रस्ते अपघात), बेशुद्ध.’ सलाइन लागलं, डोक्याला पट्टी झाली, कोल्हापूरला रेफर. आता १०८ आली. साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास, त्यातला काही भाग निपाणीवरून, म्हणजे कर्नाटकातून. सीपीआरच्या कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत खिशातला फोन वाजला, नाव कळलं, आणि केसपेपरवर पहिल्यांदा त्याचं नाव चढलं. एमएलसीचं, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या केसचं, रजिस्टर वेगळं. सिटी स्कॅनचं वेगळं. रक्तपेढीचं वेगळं, ऑपरेशन थिएटरचं वेगळं. पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी, मग पंचनामा, मग आयरॅड या अपघात-नोंदीच्या ॲपवर फोटो आणि अक्षांश-रेखांश. वाचला तर डिस्चार्ज कार्ड, गेला तर शवविच्छेदनाचा अहवाल. आठ-दहा ठिकाणी तो माणूस लिहिला गेला, एका जागी ‘अनोळखी’, एका जागी आडनावाने, एका जागी फक्त नंबराने. आणि या सगळ्या वह्यांची एकमेकींशी गाठ कधीच पडत नाही.

यातली कुठलीही वही खोटी नाही. प्रत्येक वही कुणासाठी तरी ठेवलेली आहे: एमएलसी कोर्टासाठी, पंचनामा विम्यासाठी, रक्तपेढीचं रजिस्टर तपासणीसाठी. त्या माणसाच्या पुढच्या भावंडांसाठी, म्हणजे उद्या त्याच रस्त्यावर पडणाऱ्यांसाठी, ठेवलेली अशी वही नाही.

त्या रजिस्टरमधला ‘बेशुद्ध’ हा एक शब्द जरा थांबून पाहू. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन मेंदू-शल्यचिकित्सकांनी बेशुद्धी मोजायची एक पद्धत मांडली. डोळे कधी उघडतो याला जास्तीत जास्त ४, बोलतो कसा याला ५, हातपाय हलवतो कसा याला ६. बेरीज जास्तीत जास्त १५, कमीत कमी ३. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, मिनिटभराचं काम. बेरीज ८ किंवा त्याखाली असेल तर श्वासनलिका धोक्यात आहे असं समजून तयारी करायची. आता फरक बघा. ‘बेशुद्ध, प्रकृती गंभीर’ एवढंच लिहून आलेला पेशंट दोन तासांनी दुसऱ्या दवाखान्यात पोचला आणि तिथं बेरीज ७ भरली, तर तो आधीपासूनच ७ होता की १३ वरून वाटेत घसरला? घसरला असेल तर डोक्यात रक्त साठतंय, घाई करा. आधीपासून तसाच असेल तर हिशेब वेगळा. पहिल्या दवाखान्यात वेळेसकट लिहिलेले तीन आकडे दुसऱ्या दवाखान्यातल्या सर्जनला जे सांगतात, ते महागडं मशीनही सांगत नाही, कारण मशीनला मागची वेळ माहीत नसते.

त्याच वर्षी, १९७४ मध्येच, अमेरिकेत सुझन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जखमांची तीव्रता एका अंकात आणायची रीत दिली. शरीराचे सहा भाग, प्रत्येक जखमेला श्रेणी, सर्वांत वाईट तीन भागांच्या श्रेणींचे वर्ग, त्यांची बेरीज. कमाल ७५, आणि १५ च्या वर गेलं की जखम गंभीर. वाचताना हे शाळेतल्या गणितासारखं कोरडं वाटतं, पण सीपीआरसारख्या रुग्णालयाला न्याय मिळवून देणारं हेच गणित आहे. ज्याला सगळे रेफर करतात, त्याच्याकडे मृत्यू जास्त होणारच. तीव्रतेचा अंक न लावता दोन रुग्णालयांचे मृत्यू शेजारी ठेवणं म्हणजे लबाडी. आपल्याकडे वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत ती सर्रास होते, आणि तिचा मार कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरवर पडतो.

‘गोल्डन अवर’ हा शब्दही याच चर्चेतला. बाल्टिमोरच्या ॲडम्स काउली यांच्यामुळे तो जगभर गेला. आपल्या कायद्यातही आला: मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने दुखापतीनंतरचा एक तास अशी त्याची व्याख्याच करून टाकली. बरोबर साठच मिनिटं कशी, याचा पुरावा शोधायला गेलेल्यांच्या हाती फारसं काही लागलेलं नाही. रक्तस्राव असेल तर दहा मिनिटं जास्त होतात. पायाचं हाड मोडलं असेल आणि रक्त थांबलेलं असेल तर तीन तासांतही काही बिघडत नाही. मला तर वाटतं, घोषणा म्हणून तो शब्द उपयोगी आहे, नियोजनासाठी नाही. नियोजनाला हवा आपल्या जिल्ह्याचा घड्याळी हिशेब. चंदगडहून किती, गगनबावड्याहून किती, पावसाळ्यात किती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन तो काही दिवस बंद राहिला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. त्या दिवसांत जखमी कुठल्या रस्त्याने आले, किती वेळात आले, हे लिहून ठेवलं असेल तर पुढच्या पुराआधी रुग्णवाहिका कुठं उभ्या करायच्या ते ठरवता येईल.

वेळ का मोजायची, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण एका स्वस्त औषधाचं आहे. ट्रानेक्झामिक ॲसिड हे रक्त गोठलेलं टिकवून ठेवणारं जुनं औषध. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांतले वीस हजारांवर जखमी होते, त्यात भारतातलेही. औषध दिलेल्यांत मृत्यू १४.५ टक्के, न दिलेल्यांत १६ टक्के. फरक छोटा दिसतो, पण लाखांत मोजला की दीड हजार माणसं. पुढचं विश्लेषण जास्त महत्त्वाचं: पहिल्या तीन तासांत दिलं तर फायदा, तीन तास उलटल्यावर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढतो. म्हणजे औषध हातात आहे, पेशंट समोर आहे, आणि अपघात किती वाजता झाला हे कुणालाच ठाऊक नाही, तर डॉक्टरने काय करावं? वेळेचा रकाना रिकामा राहतो तेव्हा औषधाचं पुडकंही निम्मं निकामी होतं.

अशी नोंद भारतात होऊ शकत नाही, हे म्हणायची सोय आता राहिलेली नाही. २०१३ ते २०१५ या काळात मुंबईचं केईएम आणि सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीच्या एम्सचं ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम या चार सरकारी रुग्णालयांत ‘टिटको’ नावाने जखमींची नोंदवही चालवली गेली. मुंबईचे सर्जन डॉ. नोभोजित रॉय हे त्यातले प्रमुख. सोळा हजारांवर जखमी तीत नोंदले गेले, बहुतेक तरुण पुरुष. दाखल झालेल्यांपैकी दर पाचांतला साधारण एक जण दगावला. मग त्या मृत्यूंची फाइल तज्ज्ञांपुढे ठेवली गेली, तेव्हा निम्म्याहून अधिक मृत्यू टाळता आले असते असा निर्वाळा निघाला. चुका कुठं होत्या? श्वासनलिका वेळेवर सांभाळली गेली नाही, रक्तस्राव वेळेवर रोखला गेला नाही. हृदय बदलण्याइतकं अवघड त्यात काही नव्हतं.

त्या प्रकल्पातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. नोंद करायचं काम निवासी डॉक्टरांच्या गळ्यात मारलेलं नव्हतं. त्यासाठी वेगळी, शिकवून तयार केलेली माणसं होती, आणि ती पाळी लावून कॅज्युअल्टीत उभी राहत. आपल्याकडे नवं ॲप आलं की ते भरायचं काम आधीच चोवीस तास जागलेल्या इंटर्नवर येतं, आणि तो पहाटे पाच वाजता आठवेल तशा वेळा टाकून मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या नोंदीसाठी एका माणसाचाही पगार धरलेला नाही, ती नोंद शासनाला नको आहे असंच समजावं.

साधनं नाहीत, असंही नाही. महाराष्ट्राची १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या. गाडीत डॉक्टर असतो, ही गोष्ट इतर अनेक राज्यांत नाही. कॉल आला केव्हा, गाडी निघाली केव्हा, पोचली केव्हा, हे तिथल्या संगणकात उमटतं. पोलिसांकडे आयरॅड आहे. आयआयटी मद्रासने ती प्रणाली तयार केली, एनआयसीने ती चालवली, आणि पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. तिच्यात अपघाताची जागा मीटरच्या हिशेबाने सापडते. २०२५ च्या मे महिन्यात केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी विनारोकड उपचारांची योजना लागू केली, दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवस. तिचा डोलारा पोलिसांची नोंद आणि रुग्णालयाची बिलाची प्रणाली यांच्या जोडणीवरच उभा आहे. म्हणजे पैशासाठी दोन वह्या जोडता येतात हे सिद्ध झालं. उपचार तपासण्यासाठी त्याच वह्या जोडायला हरकत कुणाची?

संगणकाच्या हुशारीबद्दलही दोन शब्द. मुंबईच्या क्युअर एआय या कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. भारतातल्या तीन लाखांहून अधिक डोक्याच्या सिटी स्कॅनवरून शिकवलेला आणि तपासलेला प्रोग्रॅम रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर, मेंदू सरकणं अशा गोष्टी ओळखतो. तालुक्याच्या गावी आता स्कॅन मशीन पोचलं आहे, पण रात्री दोन वाजता ते वाचणारा रेडिओलॉजिस्ट नसतो. तिथं असा प्रोग्रॅम ‘हा आधी बघा’ म्हणून बोट दाखवू शकतो. मी याच्या बाजूचा आहे, एका अटीवर: त्याने बोट दाखवल्यावर पुढं काय झालं, तेही लिहिलं गेलं पाहिजे. नाहीतर यंत्र बरोबर होतं की चूक, हे विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातूनच कळत राहील.

आणि हेल्मेट! हेल्मेटसक्तीच्या विरोधात कोल्हापुरात झालेली आंदोलनं सगळ्यांना आठवत असतील. दोन्ही बाजूंनी कंठशोष झाला. आपल्याच जिल्ह्यात डोक्याला मार लागून आलेल्यांपैकी किती जणांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, हा एक रकाना दोन वर्षं प्रामाणिकपणे भरला असता तर निम्मा वाद घरी बसून मिटला असता. कोल्हापूरकर हटवादी असेल, पण काट्यावरची पावती दाखवली की तो ऐकतो.

माणसांच्या तयारीबद्दल मात्र शंका नको. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलावरून मिनीबस पंचगंगेत कोसळली. गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या पुण्याकडच्या कुटुंबांतली तेरा माणसं गेली, तिघं वाचली. त्या अंधारात आसपासच्या गल्लीतली पोरं सर्वांत आधी पाण्याशी पोचली होती. महापुरात व्हाइट आर्मी या बचाव संस्थेपासून तालीम मंडळांपर्यंत सगळ्यांनी बोटी ओढल्या. अशा शहरात ‘बघे फक्त व्हिडिओ काढतात’ हे रडगाणं मला पटत नाही. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या जबाबाची आणि कोर्टाच्या फेऱ्यांची धास्ती असते, ती मात्र खरी. ती कायद्याने दूर केलेली आहे. जखमीला आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावलं. २०१६ मध्ये मदतकर्त्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना न्यायालयाची मोहोर लागली, आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलं. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, थांबवून ठेवता येत नाही. हे कलम दर गणपती मंडळाच्या फलकावर लिहायला काय हरकत आहे? तिथं नेत्यांच्या फोटोंतून जागा उरली तर.

शेवटी भीतीबद्दल बोललं पाहिजे, कारण रकाने रिकामे राहतात ते आळसापेक्षा भीतीने. सर्जन अमुक वाजता आले असं खरं लिहिलं, तर उद्या तोच कागद घेऊन नातेवाईक दारात उभे राहतील, वकील विचारेल, वरिष्ठ खुलासा मागतील. रुग्णालयांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राने २०१० मध्ये वेगळा कायदा केला, तरी ती धास्ती गेलेली नाही. दुसऱ्या बाजूला, वेळेवर पैसे बांधले की वेळा सुंदर होतात. रुग्णवाहिका वीस मिनिटांत पोचली तरच पूर्ण मोबदला, असं कंत्राटात लिहिलं की बघता बघता सगळ्या गाड्या एकोणीस मिनिटांत पोचायला लागतात. साहेबाला दाखवायचा आकडा आणि पेशंटच्या कामाचा आकडा एकाच रकान्यात राहू शकत नाहीत.

यावर जगात एक उपाय रुळलेला आहे. महिन्यातून एकदा मृत्यूंची बैठक. दार बंद, नावं झाकलेली, प्रश्न एकच: हा माणूस वाचू शकला असता का, आणि कुठं अडलं? १०८ चा डॉक्टर आणि पायलट (म्हणजे चालक), पहिल्या दवाखान्याचा वैद्यकीय अधिकारी, कॅज्युअल्टीची परिचारिका, रक्तपेढी, पोलीस, सगळे एका टेबलाशी. तिथं निघालेलं उत्तर शिक्षेसाठी वापरायचं नाही, हे लेखी द्यायचं. अशा बैठकीतून बहुतेक वेळा निघतं ते किरकोळ असतं: स्ट्रेचर गेटपासून लांब, ओ निगेटिव्ह रक्ताची किल्ली एकाच माणसाकडे, रेफर करताना पुढं फोनच केलेला नसणं. एका दुपारी दुरुस्त होणाऱ्या या गोष्टी वर्षानुवर्षं माणसं मारत राहतात. आणि पेशंट घरच्यांनी हट्टाने घरी नेला, तिथं तीन आठवड्यांनी गेला, तर त्याचीही नोंद या टेबलावर आली पाहिजे. सरकारी व्याख्येत अपघातानंतर तीस दिवसांतला मृत्यू धरला जातो, पण गावात झालेला मृत्यू कळवणारं कुणी असेल तरच ना. आशाताईंच्या फोनवरून हे काम होण्यासारखं आहे.

पुढची प्रकरणं तपशिलात जातात: नोंदीचा एका पानाचा नमुना, जखमीच्या मनगटावरचा एकच क्रमांक, सीमाभागातल्या दोन राज्यांच्या रुग्णालयांत करायचा करार, खासगी रुग्णालयांना सामील करून घ्यायची रीत, नाव-पत्ता उघड न करता आकडे वापरायचे नियम. वाचक डॉक्टर असेल तर त्याला काही भाग सोपा वाटेल, पोलीस असेल तर काही भाग अवघड. दोघांनीही तो भाग गाळू नये, कारण आजवर ते एकमेकांचा भाग गाळतच आले आहेत.

जे कुठल्याच खात्यात नाहीत, त्या वाचकांकडे एक मागणं. रस्त्यावर कुणी पडलेला दिसला तर १०८ लावा, ठिकाण सांगताना जवळचा किलोमीटरचा दगड किंवा फोनवरचं लोकेशन द्या, वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा, मान हलवू नका. आणि घड्याळ बघून ती वेळ त्याच्या हातावर पेनाने लिहा.